पातळी आणि पाझर

पावसाळ्याला तोंड फुटले म्हणजे बेळगावच्या मराठी वृत्तपत्रांत एक लहानशी बातमी नियमाने येऊ लागते. राकसकोप जलाशयाची पातळी आज इतके फूट, काल इतके फूट, गेल्या वर्षी याच दिवशी इतके फूट. चोवीस तासांत पाऊस इतके मिलिमीटर. शहापुरातला विणकर असो, कॅम्पातला निवृत्त सुभेदार असो, अथवा टिळकवाडीतील गृहिणी असो, सकाळच्या चहाबरोबर ही चार वाक्ये वाचल्याखेरीज कोणाचा दिवस सुरू होत नाही. 2475 फूट ही त्या जलाशयाची पूर्ण पातळी. हा आकडा बेळगावकरांस आपल्या घराच्या क्रमांकाइतका पाठ असतो. पाणी त्या रेषेला टेकले की नळाची वर्षभराची चिंता मिटली, असे मानून शहर सुटकेचा निःश्वास टाकते. आणि पुढच्या रविवारी तेच शहर भरलेले पाणी पाहावयास निघते.

राकसकोपचे धरण 1962 साली पुरे झाले. बैलूरच्या डोंगरातून निघालेली मार्कंडेय नदी येथे अडविली आहे. जलाशयाला लागूनच चंदगड तालुक्यातील तुडये हे गाव आहे, म्हणजे पाणी कर्नाटकात आणि शेजार महाराष्ट्रात. येथून पाणी हिंडलग्याच्या उपसा केंद्राकडे येते, लक्ष्मीटेकवर शुद्ध होते आणि नळांतून घरोघर जाते. पुढे शहर वाढले, एका जलाशयाने भागेना, तेव्हा हिडकलचेही पाणी आणावे लागले. तरी जुन्या बेळगावकराच्या बोलण्यात ‘धरण’ म्हणजे राकसकोपच. हिडकल मोठे, 51 अब्ज घनफूट पाणी पोटात घेणारे, राजा लखमगौडांचे नाव धारण करणारे. परंतु थोरल्या घरच्या आप्ताप्रमाणे त्याच्याविषयी आदर असतो, घरच्या वडीलधाऱ्याविषयी वाटतो तो जिव्हाळा नसतो.

धरण पाहावयास जाण्याची आपल्याकडची हौस तशी जुनी आहे. गोकाकचा धबधबा पाहून परतणारी मंडळी धुपदाळला उतरतात. घटप्रभेवरचा तो दगडी बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या पाठीमागच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात कांड्या करकोचे उतरतात आणि 1974 पासून ते क्षेत्र पक्ष्यांसाठी राखून ठेवलेले आहे. निपाणीची माणसे काळम्मावाडीस आणि राधानगरीस जातात. ज्यांना लांब जाणे परवडत नाही ती आपल्या गावच्या जवाहर तलावाच्या बांधावर संध्याकाळी हवा खावयास बसतात. बेळगावात किल्ल्याचा तलाव आहेच. कणीस भाजून घ्यावे, भज्यांचा पुडा उघडावा, पोरांनी पाण्यात खडे फेकावेत. या आनंदात वावगे असे काहीच नाही. शेतकऱ्याच्या किंवा नळाच्या गरजेसाठी बांधलेली भिंत गावाच्या जिवाला चार घटका विसावा देते, हा तिचा जादा उपकारच मानला पाहिजे.

तथापि वृत्तपत्रात रोज पातळी छापली जाते आणि पाझर मात्र कधीच छापला जात नाही, या गोष्टीचा थोडा विचार व्हावयास हवा.

पातळी सांगते, धरणात पाणी किती आहे. पाझर सांगतो, धरणाची प्रकृती कशी आहे. कोणतेही धरण, दगडी असो वा मातीचे, थोडेबहुत झिरपतेच. अजिबात न झिरपणारे धरण अजून कोणी बांधलेले नाही, आणि थोड्या झिरपण्याने कोणी घाबरून जाण्याचे कारणही नाही. प्रश्न असतो तो दोन गोष्टींचा: झिरपणारे पाणी वाढत आहे काय, आणि ते गढूळ आहे काय. मातीच्या धरणाच्या पायथ्याशी निवळशंख पाणी ठरावीक मापाने बाहेर पडत असेल तर धरण आपला नित्याचा श्वास घेत आहे असे समजावे. तेच पाणी एके दिवशी मातकट दिसू लागले, तर भिंतीच्या आतली माती कणाकणाने बाहेर येत आहे, आत एक बारीक बोगदा तयार होत आहे, असे समजावे. हा बोगदा पाण्याच्या बाजूकडे सरकत जातो, रुंद होत जातो आणि तो जलाशयाला मिळाला की पुढचे काम काही तासांचे असते. पाझर मोजण्यासाठी फार मोठे यंत्रही लागत नाही. पायथ्याच्या चरात एक पत्रा उभा करतात, त्यात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असते. खाचेतून पाणी किती उंचीने वाहते हे पट्टीवर पाहून नोंदवहीत लिहावयाचे. शाळेतल्या सातवीच्या मुलाला शिकविले तर तोही ते वाचू शकेल. लागते ते एवढेच की कोणीतरी ठरलेल्या दिवशी तेथे जावे, आणि वहीतला आकडा मागच्या आकड्याशी ताडून पाहणारा दुसरा कोणीतरी असावा.

दगडी धरणाचे दुखणे निराळे. ते आपल्या वजनाने पाण्याला थोपवून धरते. परंतु पाणी भिंतीच्या सांध्यांत आणि पायाखालच्या खडकाच्या भेगांत शिरते आणि तेथून भिंतीला वर उचलू पाहते. वजन जणू कमी होते. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ अभियंत्यांनी हिशेबात धरलीच नव्हती. फ्रान्समध्ये बूझे येथील दगडी धरण 1895 साली फुटले, खालच्या दरीतील माणसे मेली, आणि मग जगभरच्या अभियंत्यांनी या वर उचलणाऱ्या दाबाची गांभीर्याने दखल घेतली. म्हणजे त्यापूर्वीची जी धरणे आपल्याकडे उभी आहेत ती या ज्ञानाच्या आधीची आहेत. ती वाईट आहेत असे नव्हे. त्या काळच्या गवंड्यांनी चुना आणि दगड यांचे जे काम केले आहे त्याला आजही हात जोडावेत. परंतु चुना पाण्याबरोबर हळूहळू विरघळतो; भिंतीच्या खालच्या अंगास पांढरे ओघळ दिसतात ते त्याचेच. सहलीला आलेला माणूस त्या ओघळांपुढे उभा राहून छायाचित्र काढतो. जाणत्याने पाहिले तर तो विचारील, हे ओघळ गेल्या वर्षी एवढेच होते काय?

आता कोणी म्हणेल, एवढी चिंता करण्यासारखे घडले तरी काय आहे? तर 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथे जे घडले ते अजून जुने झालेले नाही. धरण लहानसे, मातीचे, वीस वर्षांचेसुद्धा नसलेले. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. त्या रात्री बांध फुटला आणि पायथ्याची वाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. दुर्घटनेनंतर एका मंत्रिमहोदयांनी सांगितले की धरण खेकड्यांनी पोखरले होते. महाराष्ट्र त्यावर हसला, रागावला, व्यंगचित्रे निघाली. परंतु त्या हसण्यात एक गोष्ट निसटली. खेकडे, उंदीर, घुशी आणि वाळवी ही मातीच्या धरणाची खरोखरच शत्रुसेना आहे. जगातल्या प्रत्येक देशाच्या धरण-नियमावलीत त्यांचा समाचार घेतलेला असतो. बांधावर झाडे वाढू देऊ नयेत, कारण झाड मेले की त्याची मुळे कुजून पाण्याला आयती वाट मिळते. बिळे दिसली की ती खणून, माती कुटून भरावीत. उतारावरचे दगड ढासळले की पुन्हा लावावेत. हे सारे नियम त्यासाठीच आहेत. तेव्हा खेकड्याने बीळ केले हे उत्तर होऊ शकत नाही. खेकडा बीळ करणारच. ते बीळ पाहावयास कोण गेले होते, आणि पाहून त्याने काय केले, एवढेच विचारावयाचे उरते.

पुण्याच्या लोकांना हे फार पूर्वी कळले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. काम अपुरे असता त्यात पाणी साठविले गेले होते. पाणी सोडण्याच्या मोरीपाशी बांध खचू लागला आणि लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचूनही तो राहिला नाही. पानशेतचा लोंढा खडकवासल्यावर आदळला. खडकवासल्याचे दगडी धरण 1879 पासून उभे होते. पुणेकरांची सहलीची जागा ती. कित्येक पिढ्यांनी तेथे चांदण्या रात्री भेळ खाल्ली असेल. ऐंशी वर्षे निर्वेध उभी असलेली ती भिंत त्या दिवशी कोसळली, आणि ती स्वतःच्या दोषाने नव्हे. वरच्या अंगास काय बांधले आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, हेदेखील खालच्या धरणाच्या प्रकृतीचेच एक अंग असते. मार्कंडेय नदीवर वर राकसकोप आहे आणि खाली शिरूरजवळ दुसरा जलाशय आहे. मध्ये उचगाव, आंबेवाडी, हिंडलगा, कंग्राळी, कडोली या गावांची भाताची आणि भाजीपाल्याची शिवारे आहेत. नदीला नुसता पूर आला तरी ही शिवारे पाण्याखाली जातात, हे तेथील शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 1979 च्या ऑगस्टमध्ये गुजरातेत मच्छू नदीवरील धरण फुटून मोरबी शहर बुडाले. त्याच वर्षी केंद्रीय जल आयोगात धरण-सुरक्षेचे स्वतंत्र अंग निघाले होते आणि 1980 साली महाराष्ट्राने नाशिकला आपली धरण सुरक्षितता संघटना स्थापिली. कर्नाटकाने जुन्या धरणांच्या दुरुस्तीच्या केंद्रीय योजनेत भाग घेतला. परंतु या साऱ्याच्या मागे कायद्याचे बळ नव्हते. अहवाल जाई, फाईल होई, पैसा मंजूर व्हावयाचा तर होई. अखेर 2021 च्या डिसेंबरात संसदेने धरण सुरक्षा कायदा संमत केला आणि त्याच महिन्याच्या शेवटी तो अंमलात आला. पंधरा मीटरांहून उंच असलेली सर्व धरणे आणि दहा ते पंधरा मीटर उंचीची परंतु लांबी, साठा, पुराचा विसर्ग अथवा अवघड पाया यांमुळे महत्त्वाची ठरणारी धरणे त्याच्या कक्षेत येतात. मालकाने धरणासाठी स्वतंत्र सुरक्षा-पथक ठेवावे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी. भूकंप झाला, मोठा पूर आला, तर पुन्हा करावी. संकटकाळची योजना लिहून तयार ठेवावी. आणि कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत स्वतंत्र तज्ज्ञांकडून धरणाची समग्र परीक्षा करवून घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. कसूर करणाऱ्यास कारावासाची तरतूद आहे. भूकंपाचा उल्लेख कायद्यात उगाच आलेला नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा हादरा बसला तेव्हा दूरदूरची माणसे अंथरुणातून उठून बाहेर पळाली होती. त्या हादऱ्याने कोयनेच्या धरणास भेगा गेल्या आणि पुढे भिंतीला आधार देऊन ते बळकट करावे लागले.

कायदा चांगला आहे. परंतु कायद्याचे जाळे कितीही बारीक विणले तरी एक जात त्यातून सुटून जाते, ती म्हणजे लहान तळी. दहा मीटरांच्या आतले मातीचे बांध, पाझर तलाव, संस्थानी काळातील गावतळी, नगरपालिकांचे पाणीपुरवठ्याचे तलाव. यांपैकी एकेकाचे पाणी थोडे, म्हणून संकटही थोडे, असा हिशेब कायद्याने धरला आहे आणि देशाच्या मापाने तो चुकीचाही नाही. परंतु बांधाच्या पायथ्याशी ज्याचे घर आहे त्याच्या मापाने तो बरोबर नाही. आणि सहलीची गर्दी बहुधा अशाच लहान तळ्यांवर असते, कारण ती गावाला जवळ असतात आणि तेथे कोणी अडवीत नाही. निपाणीचा जवाहर तलाव सांडव्यावरून वाहू लागला की गाव आनंदते; वेदगंगेच्या पाण्याची जोड असली तरी पावसाने भरलेले घरचे तळे ते घरचे तळे. अशा तळ्यांच्या बांधावर कोणते झाड कोणी लावले, कोणती टपरी कोणत्या जागी बसली, सांडव्याच्या तोंडाशी कोणी भराव घातला, हे पाहण्याचे काम कोणत्या खात्याचे, असे विचारले तर पुष्कळ गावी उत्तरादाखल दुसऱ्या खात्याचे नाव मिळते.

निपाणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तिच्या दोन्ही नद्या, दूधगंगा आणि वेदगंगा, सह्याद्रीतून महाराष्ट्राच्या बाजूने येतात. जत्राट–भिवशी, अक्कोळ–सिदनाळ, भोज–कारदगा, कुन्नूर–बारवाड ही पुलांची नावे पावसाळ्यात बातम्यांत आली की पूल पाण्याखाली गेले असेच समजावयाचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि पुणे–बेंगळुरू वाहतूक बंद पडली. त्या दूधगंगेच्या वरच्या अंगास काळम्मावाडीचे धरण आहे. ते तसे जुने नव्हे. तरीही अलीकडच्या वर्षांत त्याच्या भिंतीतील गळती एवढी वाढली की ती कोल्हापूर जिल्ह्यात वादाचा विषय झाली, आणि भिंतीत छिद्रे पाडून सिमेंट भरण्याचे काम हाती घ्यावे लागले. गळती लपविली गेली नाही, मोजली गेली, तिच्यावर भांडण झाले आणि काम निघाले. ही गोष्ट तिवऱ्याच्या तुलनेत कितीतरी चांगली आहे. परंतु कारदग्याच्या शेतकऱ्यास त्या धरणाची बातमी कोणी द्यावयाची? धरण एका राज्याचे, शिवार दुसऱ्या राज्याचे. कोल्हापूरहून सुटलेला निरोप निपाणीच्या तहसील कचेरीत किती वेळात पोहोचतो, तेथून नदीकाठच्या गावात किती वेळात जातो, आणि तो मराठीत असतो, कानडीत असतो की दोन्हींत, हे संकटकाळच्या योजनेत आधीच लिहिलेले असावयास हवे. 2019 च्या महापुरानंतर अलमट्टीच्या विसर्गासंबंधी दोन्ही राज्यांचे अधिकारी एकत्र बसू लागले. सीमेचा वाद न्यायालयात आहे, तो तेथे राहो. या विषयात दोन्हीकडच्या अभियंत्यांना एकमेकांशी बोलण्याला त्याची काही आडकाठी नाही, आणि ते बोलतात, हेही नमूद केले पाहिजे.

धरणाचे दरवाजे हा या विषयातील सर्वांत प्रेक्षणीय भाग, आणि म्हणूनच सर्वांत फसवा. राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी सुरू केले आणि ते पुरे व्हावयास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक रेषेपर्यंत चढले की माणसाचा हात न लागता ते आपोआप उघडतात आणि एकेकातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी बाहेर पडते. सर विश्वेश्वरय्यांनी अशा आपोआप उघडणाऱ्या दारांचा पहिला प्रयोग खडकवासल्यास केला होता. ही कल्पना अतिशय शहाणपणाची आहे, कारण मध्यरात्री चौकीदार झोपला तरी धरण झोपत नाही. राधानगरीचा पहिला दरवाजा उघडला की ती बातमी होते आणि दुसऱ्या दिवशी मोटारींची रांग लागते. परंतु 2021 च्या डिसेंबरअखेर, पावसाचा थेंब नसताना, दुरुस्तीचे काम चालू असता त्याच धरणाचा एक दरवाजा उघडा राहून अडकला आणि भोगावतीत एकाएकी पाण्याचा लोंढा आला. धरण सुरक्षा कायदा अंमलात आला तो नेमक्या त्याच आठवड्यात, हा योगायोग कोणाही कादंबरीकाराने टाळला असता. पुढे 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री कर्नाटकातच तुंगभद्रेच्या धरणावर साखळी तुटून 33 दरवाजांपैकी एकोणिसावा दरवाजा वाहून गेला. सत्तर वर्षांची जुनी साखळी. तिने कोणतीही वर्दी दिली नाही. अभियंत्यांनी आणि कामगारांनी आठवड्याभरात वाहत्या पाण्यात लोखंडी फळ्या उतरवून ती खिंड बुजविली, हा पराक्रमच होता. तरी तोवर शेतकऱ्यांचे पुष्कळ पाणी नदीवाटे निघून गेले होते.

या दोन प्रसंगांत सहलीच्या माणसाने घ्यावयाचा धडा अगदी साधा आहे: दरवाजा केव्हा उघडेल हे खाली उभ्या असलेल्या कोणालाच ठाऊक नसते. कोरड्या दिसणाऱ्या नदीपात्रात, सांडव्याच्या पायथ्याच्या खडकावर बसून डबा खाणारे कुटुंब हे दृश्य प्रत्येक धरणावर दिसते. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की माणसाने मागे सरावयाचे असते; पण गर्दीला तो खेळ सुरू होण्याची घंटा वाटते आणि ती पुढे सरकते. हा दोष केवळ गर्दीचा नव्हे. ‘आत जाण्यास मनाई आहे’ अशी एक गंजलेली पाटी लावली म्हणजे कर्तव्य संपले, असे समजणाऱ्यांचाही तो आहे. भोंगा वाजल्यावर किती मिनिटांत पाणी येते, पाणी कोठपर्यंत चढते, पळावयाचे कोणत्या वाटेने, हे पाटीवर मराठीत आणि कानडीत लिहावयास कितीसा रंग लागणार?

लोणावळ्याच्या भुशी धरणाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. इंग्रजी अमदानीत रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ते बांधले गेले. इंजिने इतिहासजमा झाली, धरण राहिले, आणि पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे हजारोंनी येऊ लागली. 30 जून 2024 रोजी धरणाच्या पाठीमागील ओढ्यात एक कुटुंब उभे असता वरून पाणी वाढले. एकमेकांना धरून ते उभे राहिले आणि पाहता पाहता त्यांतील पाच जण वाहून गेले. त्यांत मुले होती. धरण शाबूत होते. त्याच्यात काहीही बिघाड झाला नव्हता. डोंगरावर पाऊस पडला आणि ओढ्याने आपले काम केले. पण ज्या धरणाचा मूळ उपयोग संपला आहे, त्याचा मालक एक, तेथे जाणारा रस्ता दुसऱ्याचा, डोंगर तिसऱ्याचा आणि बंदोबस्त चौथ्याचा, अशा ठिकाणी कोणता ओढा किती मिनिटांत चढतो याची नोंद ठेवणे कोणाच्याच वाट्याला आलेले नसते. त्या दुर्घटनेनंतर बंदीचे हुकूम निघाले. बंदी चार रविवार टिकते असा आजवरचा अनुभव आहे.

म्हणून बंदीपेक्षा माहिती अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे, असे ज्यांनी या विषयाचा विचार केला आहे त्यांतील अनेकांचे मत पडते. राकसकोपची पातळी रोज छापून येते याचे कारण बेळगावकरांनी ती मागितली. पाणी तुटले तर आपल्या घागरी रिकाम्या राहतील हे त्यांना कळत होते. उद्या त्याच बातमीखाली एक ओळ वाढावी: पावसाळ्यापूर्वीची तपासणी अमुक दिवशी झाली, पाझर इतका, गेल्या वर्षी इतका, दरवाजे चालवून पाहिले, अमुक दुरुस्ती बाकी. वर्षातून दोन वेळा, एवढेच. त्यात कोणतेही गुपित नाही. अधिकाऱ्यांस भीती वाटते की अशा आकड्यांनी लोक घाबरतील, अफवा उठतील. ती भीती अगदीच निराधार नाही. पुराच्या दिवसांत ‘धरण फुटले’ अशी हूल उठून नदीकाठची माणसे रात्री घरे सोडून धावल्याचे प्रकार घडतात. परंतु अफवा उठते ती माहिती नसते तेथे. ज्याला दर वर्षी पाझराचा आकडा वाचण्याची सवय आहे त्याला हूल आणि बातमी यांतला फरक कळू लागतो.

या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी मात्र एक माणूस असतो, आणि त्याची दखल कायद्याच्या भाषेत फारशी येत नाही. हातात काठी आणि विजेरी, अंगावर इरले अथवा प्लॅस्टिकचा रेनकोट, असा तो धरणाचा चौकीदार. भर आषाढात बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाणे, पट्टीवरचा फूट वाचणे, पर्जन्यमापकातले पाणी मोजणे, ओला कागद सांभाळून आकडा लिहिणे आणि तो कचेरीत कळविणे, हे त्याचे काम. वृत्तपत्रातली ती चार वाक्ये शेवटी त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेली असतात. कोठे ही जागा रिकामी राहते, कोठे ती कंत्राटी होते, आणि बारा वर्षे एकच बांध पाहिलेल्या डोळ्यांच्या जागी सहा महिन्यांचे नवे डोळे येतात. नव्या डोळ्यांना ओली जागा ओलीच दिसते. काल ती कोरडी होती हे त्यांना ठाऊक नसते. तज्ज्ञांची समिती पाच वर्षांनी येईल आणि उत्तम अहवाल लिहील. मधल्या पाच वर्षांतल्या रोजच्या सकाळी त्या माणसाच्या असतात.

आणि पावसाळ्यानंतरची तपासणी ही सर्वांत महत्त्वाची तपासणी होय, कारण पूर्ण भार सोसून भिंत कशी राहिली ते तेव्हा कळते. ती होते दिवाळीच्या आगेमागे. सांडवा तेव्हा आटलेला असतो, कणसाच्या गाड्या परत गेलेल्या असतात, वृत्तपत्रातून पातळीची बातमीही निघून गेलेली असते. उतारावरचे गवत कापून काढल्याखेरीज बिळे दिसत नाहीत, म्हणून आधी गवत कापावे लागते. आणि गवत कापण्याचे पैसे त्या वर्षी मंजूर झाले आहेत की नाहीत, येथपासून त्या तपासणीला सुरुवात होते.